स्ट्रायपरसाठी केसांची जिग: बांधायची कशी, खेळवायची कशी

जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ; त्याच्या मागे केस बांधले की पाण्यात तो छोट्या माशासारखा दिसतो आणि स्ट्रायपर हा मोठा मासा त्याला फसतो. माझी पहिली जिग दाढीच्या ब्रशसारखी झाली होती. जाड, गुबगुबीत, बघणाऱ्याला वाटावं केवढी मेहनत घेतलीय. पाण्यात टाकली तर आधी तरंगली, मग नाइलाज झाल्यासारखी बुडाली, आणि बुडताना खराट्यासारखी ताठ. सबंध हिवाळा तिला एक मासा लागला नाही. पुढच्या वर्षी धक्क्यावर शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ती हातात घेतली, खिशातली कात्री काढली आणि न विचारता अर्ध्याहून जास्त केस उडवले. मला राग आला होता. पण पाण्यात सोडली तेव्हा ती पहिल्यांदा माशासारखी दिसली.

अटलांटाच्या उत्तरेला कमिंग, अल्फारेटा, जॉन्स क्रीक या पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत आणि लेक लॅनियर हे मोठं तळं तिथून फार लांब नाही. उन्हाळ्यात तिथे कणसं भाजायला सगळेच जातात. हिवाळ्यात, मासे खरे काठाजवळ येतात तेव्हा, आपल्यातलं कुणी दिसत नाही. लहानपणी गांडूळ नाहीतर कोळंबी लावून गरी टाकलेली असेल तर निम्मं शिक्षण झालेलंच आहे. उरलेलं निम्मं म्हणजे आमिषाचा वास नसताना नुसत्या हालचालीवर मासा फसवणं.

मासा कोणता?

स्ट्राइप्ड बास, बोलीत स्ट्रायपर. चंदेरी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा. मूळचा अटलांटिक किनाऱ्याचा, अंडी घालायला नदीत चढणारा, बंगाल्यांचा हिल्सा चढतो तसा. दक्षिण कॅरोलायनात १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला सँटी आणि कूपर नद्यांवरच्या प्रकल्पात मॅरियन आणि मोल्ट्री ही दोन तळी झाली, त्यात काही स्ट्रायपर अडकले. ते मरतील अशी अपेक्षा होती. ते वाढले आणि गोड्या पाण्यातच त्यांची पिल्लं झाली. तिथून हा मासा तळ्यातळ्यांत सोडायची कल्पना रुजली. मात्र याची अंडी तळाशी बसली तर गुदमरतात. फुटेपर्यंत दोनेक दिवस त्यांना वाहत्या पाण्यात तरंगत राहावं लागतं. तेवढी लांब मोकळी नदी टेक्सास-ओक्लाहोमाच्या सीमेवरच्या लेक टेक्सोमाला आहे, लॅनियरला नाही. त्यामुळे लॅनियरमध्ये जॉर्जियाचं वन्यजीव खातं पिल्लं आणून सोडतं. तुम्ही पकडता तो प्रत्येक स्ट्रायपर परवान्याच्या पैशावर वाढलेला असतो. तेव्हा १६ वर्षं पूर्ण झाली असतील तर परवाना आधी काढा; ऑनलाइन निघतो, पाच मिनिटांचं काम.

जिगला केस कशासाठी?

लॅनियरमधले स्ट्रायपर मुख्यतः दोन माशांवर जगतात: दोन-चार इंचांचा थ्रेडफिन शॅड आणि जरा मोठा ब्लूबॅक हेरिंग. यातला शॅड थंडीला फार नाजूक. पाणी पंचेचाळीस अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण सात सेल्सियसच्या आसपास आलं की तो लुळा पडतो. चार झटके मारतो, थांबतो, अंग टाकून हळूहळू खाली जातो, पुन्हा एखादा झटका. खालून बघणाऱ्या स्ट्रायपरला हे आयतं जेवण. आणि स्ट्रायपरही थंड रक्ताचाच, त्यालाही धावाधाव नको असते.

प्लास्टिकचं आमिष ओढलं तर हलतं, थांबलं की मेलं. हरणाचे केस थांबल्यावरही हलतात. जिग खाली जाताना ते मिटतात, थांबली की फुलतात. म्हणून जिग बांधताना मनात प्रश्न एकच ठेवा: ही खाली पडताना कशी दिसेल? रंग, डोळे, चकाकी हे सगळं त्याच्यानंतर.

सामान

जिगचं डोकं शिशाचं असतं. ते घरी ओतता येतं, पण नवशिक्यांनी ओतू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं. त्यात पाण्याचा एक थेंब पडला तर त्याची क्षणात वाफ होऊन वितळलेलं शिसं तोंडावर उडतं. धूर वेगळाच. तयार डोकी पाकिटात स्वस्त मिळतात, ती घ्या. हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका. न्यू हॅम्पशायर, मेन अशा ईशान्येकडच्या राज्यांत राहत असाल तर तिथे छोट्या शिशाच्या जिगवर बंदी आहे; टंगस्टन किंवा कथिलाची घ्यावी लागतील.

आकार साधा गोल घ्या, दोरीची कडी डोक्याच्या माथ्यावर असलेला. अशी जिग दोरीवर आडवी लोंबते, माशासारखी. वजन सुरुवातीला ३/८ औंस, गळ ३/० मापाचा. वारा किंवा खोली जास्त असेल तर १/२ ते ३/४ औंस. डोक्यामागे शिशाची जी मान असते तिच्यावर बऱ्याचदा प्लास्टिक अडकवायचा काटा असतो. तो कानशीने घासून टाका, नाहीतर त्याच्यावर दोरा उंचसखल बसतो.

केस व्हाइटटेल हरणाच्या शेपटीचे. दुकानात अख्खी शेपटी मिळते, पांढरी घ्या. एका शेपटीत वीस-पंचवीस जिगा सहज होतात. ओळखीत कुणी शिकारी असेल तर हंगामात फुकटही मिळते. मला मिळाली होती. ती मी पिशवीत घालून फ्रीझरमध्ये खवलेल्या नारळाशेजारी ठेवली आणि त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मिळाली तर हाड काढून आतून मीठ चोळून वाळवा, आणि गॅरेजमध्येच.

बाकी किरकोळ: जिग पकडायला छोटा व्हाइस, आपल्या आयटीआयच्या भाषेत शेगडा, मेण लावलेला चपटा नायलॉनचा दोरा, २१० डेनियर, दोऱ्याची रिळं धरायचा बॉबिन, फक्त याच कामाची धारदार कात्री, आणि रंगहीन नेलपॉलिश. व्हाइस नसेल तर सुरुवातीला लॉकिंग पक्कड टेबलाला बांधूनही चालते, मी तसंच सुरू केलं होतं.

डोकं रंगवायचं असेल तर पावडर पेंट. हीट गनने डोकं तापवायचं, पावडरीत झटकन बुडवून काढायचं, कडीतला रंग सुईने मोकळा करायचा आणि टांगून ३५० अंश फॅरनहाइटला वीसेक मिनिटं भाजायचं. त्यासाठी जुना टोस्टर ओव्हन गॅरेजमध्ये वेगळा ठेवा; ज्यात पाव भाजता त्यात शिसं नको. न रंगवलेली करडी जिगही मासे देते, त्यामुळे पहिल्या महिन्यात हा सगळा खटाटोप टाळलात तरी चालेल.

बांधणी

जिग व्हाइसमध्ये गळाच्या वाकणापाशी घट्ट धरा. मानेवर डोक्यालगत दोरा सुरू करा आणि मागे-पुढे एक थर द्या. नागड्या शिशावर केस घसरतात, दोऱ्यावर बसतात.

आता शेपटी हातात घेऊन जरा बघा. बुडाकडचे केस जाड आणि आतून पोकळ असतात. दोरा आवळला की ते छत्रीसारखे पसरतात. टोकाकडच्या दोन-तृतीयांश भागातले केस बारीक आणि भरीव, ते अंगाला लागून राहतात. आपल्याला टोकाकडचे हवेत. माझा दाढीचा ब्रश झाला त्याचं निम्मं कारण हे होतं: मी बुडाकडून कापायला सुरुवात केली होती, कारण तिथे केस जास्त दिसत होते.

आगपेटीच्या तीन-चार काड्या एकत्र धरल्या तर जेवढी जाडी होईल तेवढी बट उचला आणि कातड्यालगत कापा. टोकाकडे घट्ट धरून दुसऱ्या हाताने बुडाकडची लव आणि आखूड केस ओढून काढा. टोकं एका रेषेत आणायचा मोह होईल, आणू नका. कापलेल्या कुंचल्यासारखं शेपूट कुठल्याच माशाला नसतं. थोडे लांब, थोडे आखूड असले की मागे आपोआप निमुळतं होतं.

लांबी गळाच्या वाकणाच्या मागे इंच-दीड इंच जाईल एवढी. डोक्यापासून टोकापर्यंत साडेतीन इंच भरले की शॅडचं माप जमलं. बट मानेवर ठेवून बुडाची टोकं डोक्याला टेकतील अशी कापा. कापायचं बांधण्याआधी, बांधल्यानंतर कात्री घातलीत तर दोराही कापला जातो, हे मी तीनदा शिकलो.

पहिले दोन वेढे सैल टाका, केस अंगठ्याने जागेवर धरून. तिसरा वेढा हळूहळू आवळा. सुरुवातीलाच आवळलं तर अख्खी बट दोऱ्याबरोबर फिरते आणि सगळे केस एका बाजूला जमा होतात. चार-पाच घट्ट वेढे झाले की जिग फिरवा आणि पुढची बट. खाली एक, दोन कुशींना एक-एक, शेवटी वर एक. एवढंच. चार बटा. पाचवी घ्यावीशी वाटेल, कारण मधूनमधून गळाची दांडी दिसत असेल. दिसू द्या. ओले झाल्यावर केस जवळ येतात, आणि जी फट तुम्हाला रिकामी वाटते तिथूनच पाणी वाहून केस हलतात. वरची बट बांधण्याआधी दोन्ही कुशींना चकाकणाऱ्या धाग्याचे दोन-दोन तंतू लावा. चारच्या वर नकोत.

वरची बट पोपटी आणि बाकी पांढऱ्या ही लॅनियरची ठरलेली जोडी. ढगाळ दिवशी मी तीच वापरतो, स्वच्छ उन्हात नुसती पांढरी. काळी, निळी, जांभळी या सगळ्या माझ्याकडे आहेत. मला त्या बांधायला आवडतात, माशांचा त्यात काही आग्रह दिसत नाही.

शेवटी केसांची बुडं पूर्ण झाकेपर्यंत दोरा भरा, व्हिप फिनिशची, म्हणजे दोऱ्याचं टोक त्याच्याच वेढ्यांखाली दडवायची गाठ मारा. ती येत नसेल तर एकामागे एक पाच-सहा अर्ध्या गाठी. वर नेलपॉलिशचे दोन पातळ हात. पॉलिश केसांत उतरू देऊ नका, तिथे ते काचेसारखं कडक होतं.

मग परीक्षा. बादलीत ती भिजवा, केस बोटांनी चेपून त्यातली हवा काढा आणि पाण्याखाली सोडा. कशी पडते ते बघा. नाकावर आपटत गेली तर केस कमी किंवा डोकं जड. तरंगली तर केस जास्त. आडवी, शेपूट किंचित थरथरत गेली तर जमलं. केस जास्त झाले असतील तर कात्रीने टोकं कापू नका. पक्कडीत दोन-चार केस धरून उपटा, म्हणजे निमुळतेपणा राहतो.

कडाक्याच्या थंडीसाठी दोन-तीन जिगा माराबूच्याही बांधून ठेवा. मूळ नाव करकोच्याच्या एका जातीवरून आलं, आज मिळतात ती टर्कीची मऊ पिसं. १/८ किंवा १/४ औंसाच्या डोक्यावर एक पीस पुरतं. कोरडं असताना कापसासारखं दिसतं, भिजलं की निम्म्याहून बारीक होतं आणि स्थिर पाण्यातही श्वास घेतल्यासारखं हलतं.

काठी, रीळ, दोरी

सात फुटांची मध्यम ताकदीची स्पिनिंग काठी, ३००० किंवा ४००० मापाचं रीळ. त्यावर १५ पौंडांची वेणीची दोरी आणि पुढे चार-पाच फूट १२ पौंडांची फ्लुरोकार्बन. जिगला आवळगाठ मारू नका, छोटा न सरकणारा फास ठेवा, म्हणजे ती मोकळी डुलते. ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा रिळातून दोरी किती ताणाला सुटायची ते, तीन-चार पौंडांवर. स्ट्रायपरची पहिली धाव थांबवायचा प्रयत्न करू नका. रीळ करकरू द्या आणि काठी उंच धरून उभे राहा. पहिल्याच माशाला घाबरून ड्रॅग घट्ट केला की दोरी तुटते.

कुठे, कधी?

लॅनियर म्हणजे चॅटाहूची नदीवर ब्यूफर्ड धरण बांधून बुडवलेल्या टेकड्या. सुमारे ३८,००० एकर पाणी, त्यात शेकडो फाटे, ज्यांना सगळे क्रीक म्हणतात. हिवाळ्यात शॅड आणि हेरिंग या फाट्यांत शिरतात, मागोमाग स्ट्रायपर. डिसेंबर ते मार्च हे केसांच्या जिगचे महिने. सकाळचे पहिले दोन तास आणि अंधार पडण्याआधीचा एक. उन्हाळ्यात हे मासे धरणाजवळच्या खोल, गार पाण्यात साठ-सत्तर फुटांखाली जातात. तिथे जिगचं काम नाही.

मासे दाखवणारं मशीन, म्हणजे फिशफाइंडर, नसेल तर पक्षी बघा. कुरव पाण्यावर घिरट्या घालून झेपावत असतील तर खालून कुणीतरी शॅडला वर ढकलतंय. लून हा हिवाळ्यात वरून करडा, खालून पांढरा दिसणारा, बुडी मारणारा पक्षीही खूण आहे: दोन-तीन लून एकाच खाचेत पुन्हापुन्हा बुड्या मारत असतील तर तिथे चारा आहे, आणि तासाभरात स्ट्रायपरही येतील. काठावरून टाकणाऱ्यांनी फाट्यात घुसलेली जमिनीची टोकं धरावीत, जिथे दहा पावलांत पाणी वीस-पंचवीस फूट खोल होतं. वारा तुमच्या तोंडावर येत असेल तर टाकायला त्रास होईल, पण चारा त्याच काठाला ढकललेला असतो.

बोटीवर फिशफाइंडर असेल तर पडद्यावर मासे कमानींसारखे दिसतील. जिग कमानींच्या वर खेळवा, खाली नाही. स्ट्रायपर वर बघून खातो, आपल्या पोटाखालून गेलेल्या गोष्टीकडे तो फारसं लक्ष देत नाही. बोटीवर लाइफ जाकीट घालाच. जानेवारीच्या पाण्यात पडलेल्याचे हात काही मिनिटांतच काम देईनासे होतात. तेरा वर्षांखालच्या मुलांना तर चालत्या बोटीत कायद्यानेच ते घालावं लागतं.

खेळवणं

धक्क्यावर, जिथे खोली माहीत आहे तिथे, जिग सोडा आणि तळाला टेकेपर्यंत मोजा. पंधरा फुटांना तुमचे अठरा आकडे लागले तर ते तुमचं माप. प्रत्येक वजनाच्या जिगचं माप डबीच्या झाकणावर लिहून ठेवा.

आता लांब टाका आणि मोजायला लागा. पहिल्यांदा दहापर्यंत, मग पंधरा, मग वीस, मासा लागेपर्यंत. लागला की तोच आकडा पुन्हा, कारण थव्यातले बाकीचे त्याच खोलीवर असतात. आकडा झाला की काठीचं टोक हळूच फूटभर वर न्या, थांबा, जिग पडू द्या. पडताना दोरी पूर्ण सैल सोडू नका आणि ताणूही नका. टोकाने जिगच्या मागोमाग खाली या. दोरीत किंचित पोट राहील एवढंच. मासा बहुतेक वेळा याच पडण्यात घेतो, आणि तो झटका नसतो. कधी टक् असा बारीक ठोका, कधी दोरी एकदम हलकी, कधी तळ यायच्या आधीच जिग थांबलेली. शंका आली की काठी उचला. गळ ओढून रुतवायची गरज नाही, घट्ट उचललं की पुरे.

हे जमत नसेल तर नुसतं सावकाश गुंडाळा. खरंच सावकाश, तुम्हाला कंटाळा येतो त्याच्याही निम्म्या वेगाने. मधे एकदा हात थांबवा, दोन आकडे, पुन्हा सुरू. काही सकाळी हेच जास्त चालतं.

एप्रिलमध्ये पाणी साठ अंश फॅरनहाइटवर गेलं की मासे संध्याकाळी उथळ काठाला येतात. तेव्हा १/४ औंस, जवळजवळ पृष्ठभागाखालून.

मासा हातात आल्यावर

खालच्या जबड्याला अंगठा लावून धरा, दात खरवडतात पण कापत नाहीत. पाठीच्या पराचे काटे आणि कल्ल्यांच्या झाकणाच्या कडा मात्र कापतात. सोडायचा असेल तर हात ओले करून पाण्यातच गळ काढा. थंड पाण्यात सोडलेला मासा चांगला जगतो. उन्हाळ्यात खोलवरून वर आणलेला बहुतेकदा जगत नाही. तेव्हा खाण्यापुरते पकडा आणि घरी जा, सोडून-सोडून पकडत बसू नका.

लॅनियरवर स्ट्राइप्ड, व्हाइट आणि त्यांचा संकर असे तिन्ही बास मिळून दिवसाला १५ ठेवता येतात, त्यात २२ इंच किंवा त्याहून मोठे दोनच. नियम बदलतात, चालू वर्षाची पुस्तिका बघूनच जा. कुठल्या तळ्यातला कुठला मासा महिन्यातून किती वेळा खावा याचा तक्ताही जॉर्जिया राज्य काढतं. मोठ्या माशांसाठी तो जरूर वाचा.

ठेवलात तर लगेच बर्फात. तुकडी काढताना कुशीतून जाणारा गडद लाल पट्टा पूर्ण कापून टाका, उग्र वास त्याचाच असतो. उरलेलं मांस पांढरं, घट्ट. आगळ, हळद, तिखट लावून अर्धा तास, मग रवा.

जिग गोड पाण्याने धुऊन, केस बोटांनी सरळ करून रात्रभर उघड्यावर वाळवा. ओलीच डबीत बंद केलीत तर आठवड्याने गळ गंजलेला आणि पांढरे केस तांबडे झालेले सापडतील.